बटण बंद म्हणजे वीज बंद नव्हे

जुन्या घरात दिव्याचा होल्डर कसा बदलावा

१. आबाजींच्या घरातली संध्याकाळ

लाखनी तालुक्यातले एक गाव. घर जुने, मातीच्या भिंतींचे, वर कवेलू. मधल्या खोलीत आमचा वाचनाचा वर्ग भरत असे. धानाची रोवणी आटोपली होती. दहा-बारा माणसे रोज पाटी-पुस्तक घेऊन येत. घरचे मालक आबाजी. वय सत्तरीच्या पुढे, पण वर्गात सर्वांच्या आधी हजर.

एके दिवशी वर्ग चालू असताना दिवा मिचमिचू लागला. होल्डरातून चर्र चर्र असा आवाज आला. जळका वास सुटला. आबाजी उठले. त्यांनी बटण बंद केले, बॅटरी लावली आणि स्टूल ओढले.

सूनबाई म्हणाल्या, "मामाजी, हात नका लावू. वायरमनला बोलावू."

आबाजी म्हणाले, "बटण तं बंद केलं ना बाई. आता कायचा करंट?"

वर्गात एक तरुण होता. तो एका परवानाधारक ठेकेदाराकडे वायरमनचे काम करतो. तो पुढे झाला. "थांबा आबाजी, पहिले पाहू द्या." त्याने बल्ब काढला. होल्डरातल्या एका पिनेला टेस्टर टेकवला. काही नाही. दुसऱ्या पिनेला टेकवला. टेस्टर लाल झाला!

सारा वर्ग गप्प झाला. बटण बंद होते. दिवा बंद होता. तरी होल्डरात वीज हजर होती.

आबाजी हळूच खाली बसले. म्हणाले, "तीस वर्षं झाली, मी असाच हात घालत आलो."

त्या दिवशी आम्ही ठरवले की पुढचा धडा याच गोष्टीचा. तोच हा धडा.

२. वीज कशी येते, कशी जाते

खांबावरून आपल्या घरात दोन तारा येतात. एका तारेतून वीज येते. तिला फेज म्हणतात. कोणी गरम तार म्हणतात. दुसऱ्या तारेतून वीज परत जाते. तिला न्यूट्रल म्हणतात. कोणी थंड तार म्हणतात. दोन्ही तारा दिव्याला जोडल्या म्हणजे वीज वाहते आणि दिवा लागतो.

घरातल्या विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. पाण्याची टाकी उंच असली तर नळाला जोर असतो. तसाच हा विजेचा जोर. आणि जेवढी वीज वाहते तिचे माप अँपिअर.

आता बटणाचे काम काय? बटण म्हणजे तारेतले दार. दार बंद केले की वाहणे थांबते. पण दार कोणत्या तारेत बसवले आहे, हे महत्त्वाचे.

आपल्या शेतातला दाखला घेऊ. तलावातून पाट निघतो. पाटाचे पाणी आपल्या बांधीत येते आणि बांधीतून पुढे जाते. पाणी जर बांधीच्या आधी अडवले, तर बांधी कोरडी राहील. पण बांधीच्या पुढे अडवले तर? पाणी वाहणार नाही हे खरे. पण बांधी भरलेलीच राहील.

विजेचे तसेच आहे. बटण फेजच्या तारेत असले, तर बटण बंद करताच होल्डर कोरडा होतो. बटण चुकून न्यूट्रलच्या तारेत असले, तर दिवा विझतो, पण होल्डर विजेने भरलेलाच राहतो. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्हींत काहीच फरक दिसत नाही. दिवा दोन्ही वेळा विझलेलाच दिसतो.

नियम असा आहे की बटण नेहमी फेजच्या तारेतच बसवावे. पण जुन्या घरात कोणी, कधी, काय जोडले याचा भरवसा नसतो. आबाजींच्या घरी बटण न्यूट्रलमध्ये होते.

म्हणून पहिला पाठ: बटण बंद म्हणजे वीज बंद नव्हे. आधी मेन बंद करा.

३. दिव्याएवढी वीज माणसाला पुरते

काही जण म्हणतात, "एवढासा दिवा. त्याचा झटका तो काय!" हा समज चुकीचा आहे.

जुना ६० वॅटचा बल्ब घ्या. तो सुमारे पाव अँपिअर वीज घेतो. माणसाच्या शरीरातून याच्या आठव्या भागाएवढी, म्हणजे सुमारे ०.०३ अँपिअर वीज काही क्षण गेली, तरी जिवाला धोका होऊ शकतो. हातपाय आवळतात, तार सुटत नाही. श्वास अडतो. वीज याहून वाढली तर हृदयाची लय बिघडते.

"पण फ्यूज आहे ना!" असेही कोणी म्हणतील. दिव्यांच्या लाइनीचा फ्यूज साधारण ५ अँपिअरचा असतो. तेवढी वीज सतत गेली तरी तो उडत नाही. त्याहून बरीच जास्त गेली तरच उडतो. माणूस तर त्याच्या कितीतरी आधीच संपतो. फ्यूज घर वाचवण्यासाठी आहे. तारा तापून आग लागू नये म्हणून आहे. फ्यूज माणसाला वाचवत नाही.

माणसाला वाचवणारे वेगळे उपकरण असते. त्याचे नाव आरसीसीबी. गेलेली वीज आणि परत आलेली वीज ते सतत तोलते. मधल्या मध्ये ०.०३ अँपिअर जरी कुठे गळली, तरी ते पापणी लवायच्या आत वीज तोडते. घरासाठी ३० मिलिअँपिअरचे घ्यावे. तीस मिलिअँपिअर म्हणजेच ०.०३ अँपिअर. जुन्या घरातही ते बसवता येते. मात्र ते वायरमनकडूनच बसवून घ्यावे.

४. जुन्या वायरिंगची खोड

भारतात पुष्कळ खेड्यांत वीज आली ती स्वातंत्र्यानंतर. १९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. २००५ पासून घरोघर वीज पोचवण्याचे काम महावितरण करते. मंडळाच्या काळात ज्या घरांत पहिली वायरिंग झाली, त्यांतल्या कितीक घरांत ती अजून तशीच आहे. लाकडी पट्टी, तिच्यावर पत्र्याच्या क्लिपा, क्लिपांत तारा. होल्डराखाली लाकडाचा गोल ठोकळा. मीटरजवळ चिनी मातीचे किटकॅट फ्यूज.

ही वायरिंग त्या काळी चांगलीच होती. पण कोणतीही वस्तू म्हातारी होते. काय काय बिघडते ते पाहू.

रबर वाळते. जुन्या तारांवर रबराचे आवरण असे. वर्षे गेली की ते कडक होते आणि तडकते. होल्डराजवळ तर फारच. तिथे बल्बची धग लागते. अशी तार नुसती वाकवली तरी आवरण गळून पडते आणि आतली धातू उघडी होते.

तार ढिली होते. स्क्रूखालची तार ढिली झाली की ठिणग्या पडतात. चर्र चर्र आवाज तो हाच. ठिणगीने धग, धगीने आणखी ढिलेपणा. शेजारी वाळलेले लाकूड आणि कोळ्याची जाळी असतेच. आगीला आणखी काय पाहिजे?

अॅल्युमिनियमची तार मोडते. काही जुन्या घरांत तांब्याऐवजी अॅल्युमिनियमची पांढरी तार आहे. ती दोन-चारदा वाकवली की मोडते. स्क्रूखाली ती लवकर ढिली होते. तिला तांब्याची तार पिळून जोडू नये. तो जोड खराब होतो आणि तापतो.

पाणी झिरपते. आपल्याकडे पावसाळा जोराचा. एक कवेलू सरकले की पाणी मयालीवरून उतरते आणि पट्टीत शिरते. ओल्या भिंतीला, ओल्या पट्टीला वीज लागू शकते. भिंतीला हात लावताच झिणझिण्या आल्या, तर तो इशारा समजावा.

रंगांचा भरवसा नाही. रीत अशी की लाल तार फेजची, काळी न्यूट्रलची, हिरवी अर्थिंगची. पण जुन्या घरात दोन्ही तारा एकाच रंगाच्या असतात. मधे कोणी जोड दिला असेल, तर रंग उलटेही असू शकतात. रंग पाहून हात घालू नये.

अर्थिंग नसते. कुठेतरी वीज गळली, तर तिला सरळ जमिनीत नेणारी तार म्हणजे अर्थिंग. जुन्या घरात दिव्यापर्यंत ती सहसा नसते. म्हणून जुना पितळी होल्डर धोक्याचा. भंडारा शहर पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेले आहे. पितळ किती झटकन तापते, हे आपल्याला चांगले ठाऊक. वीजही पितळेतून तशीच धावते. आतली तार सुटून पितळी टोपीला लागली, तर सारा होल्डरच विजेचा होतो. असा होल्डर काढून काळ्या किंवा पांढऱ्या प्लास्टिकसारख्या मालाचा घालावा.

भंडारा जिल्ह्याला विजेच्या ठिणगीची ओळख करून द्यायला नको. ९ जानेवारी २०२१ रोजी पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षात आग लागली. १० बाळे दगावली. चौकशीत आगीचे मूळ विजेच्या उपकरणाकडे निघाले. ते उपकरण वेगळे, ती जागा वेगळी. पण ठिणगी एकच. चर्र आवाज आणि जळका वास यांना कधी लहान समजू नये.

५. आपले काम कोणते, वायरमनचे कोणते

कायद्याने ही सीमा आखून दिली आहे. १९५६ च्या भारतीय वीज नियमांत ती होती. पुढे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या आणि २०२३ च्या नियमांतही ती राहिली. बल्ब, पंखा, फ्यूज, बटण, होल्डर यांसारखी वस्तू जुन्या जागी तशीच नवी बसवायची असेल, तर घरच्या माणसाला ते करता येते. मात्र त्याने वायरिंगची ताकद किंवा रचना बदलता कामा नये. नवी तार ओढणे, नवा दिवा किंवा प्लग काढणे, जुनी वायरिंग दुरुस्त करणे ही कामे परवाना असलेल्या ठेकेदाराच्या माणसानेच करावीत.

म्हणजे होल्डर बदलणे आपले काम. तार बदलणे आपले काम नव्हे. मीटर, त्याचे सील आणि खांबावरून आलेली तार यांना तर आपण मुळीच हात लावू नये. ते महावितरणचे काम.

६. सामान

दुकानात जाताना जुन्या होल्डराचे वर्णन सांगा. तो ठोकळ्यावर बसणारा आहे की तारेला लोंबणारा? नवा तशाच जातीचा घ्या. त्यावर आयएसआय खूण पाहा. दहा-वीस रुपये वाचवण्यासाठी बिनखुणेचा घेऊ नका. हलक्या होल्डरात पिनेची स्प्रिंग लवकर बसते आणि पुन्हा ठिणग्या सुरू होतात.

बाकी सामान थोडेच: टेस्टर, प्लास्टिकच्या मुठीचा पेचकस, तार सोलायचा पक्कड, कोरडे लाकडी स्टूल, पायात रबरी चप्पल. हात कोरडे हवेत. लोखंडी शिडी नको.

बल्ब एलईडीचा घ्यावा. ९ वॅटचा एलईडी जुन्या ६० वॅटच्या बल्बएवढा किंवा जास्तच उजेड देतो. त्याची धग फार कमी. म्हाताऱ्या तारेला तो सोसतो.

७. काम कसे करावे

पहिली गोष्ट. काम दिवसा, उजेडात करावे. "लाईट गेली आहे, तोवर उरकून घेऊ" असे कधी म्हणू नये. गेलेली लाईट सांगून येत नाही. हात होल्डरात असताना आली तर?

दुसरी गोष्ट. घरातल्या सर्वांना सांगावे. एक मोठे माणूस जवळ उभे ठेवावे. पोरांना दूर ठेवावे.

तिसरी गोष्ट. टेस्टर आधी चालू प्लगात लावून पाहावा. तो लागला म्हणजे टेस्टर चांगला आहे. बिघडलेला टेस्टर खोटी साक्ष देतो.

चौथी गोष्ट. घरातली सर्व बटणे बंद करून मेन स्विच बंद करावा. मग किटकॅट फ्यूज ओढून काढावे आणि आपल्या खिशात ठेवावे. काही जुन्या घरांत फेजला एक आणि न्यूट्रलला एक असे दोन फ्यूज असतात. दोन्ही काढावे. एकट्या न्यूट्रलचा काढला, तर दिवे विझतील, पण तारा विजेने भरलेल्या राहतील. तीच बांधीची गोष्ट. फ्यूज खिशात असला म्हणजे दुसरे कोणी नकळत चालू करणार नाही. मेन स्विच नसेल किंवा सापडत नसेल, तर काम तिथेच थांबवावे.

पाचवी गोष्ट. घरात इन्व्हर्टर किंवा छतावर सौर पाटी असेल, तर तिची वीजही बंद करावी. मेन बंद असला तरी इन्व्हर्टर त्याच तारांतून वीज सोडतो. शेजारच्या घरातून एखादी तार आली असेल, तर तिला आपला मेन अडवू शकत नाही. आणि कोणी खांबावर आकडा टाकला असेल, तर तोही मेनच्या हिशेबात नाही. अशा घरात आपण काम करूच नये.

सहावी गोष्ट. आता सर्व दिव्यांची, पंख्यांची बटणे चालू करून पाहावी. काहीच चालू झाले नाही, म्हणजे मेनने काम केले. फक्त एकच दिवा पाहून समाधान मानू नये. त्याचा बल्बच गेलेला असू शकतो.

सातवी गोष्ट. बल्ब थंड झाल्यावर काढावा. होल्डरची टोपी फिरवून उघडावी. धातूला बोट न लावता, आत जिथे तारा जोडल्या आहेत त्या दोन्ही ठिकाणी टेस्टर टेकवावा. टेस्टरच्या मागच्या टोपीवर बोट हवे. एकदा बटण चालू ठेवून पाहावे, एकदा बंद ठेवून पाहावे. टेस्टर कधीच लागता कामा नये. आणि एक ध्यानात ठेवावे. लाकडी स्टुलावर, रबरी चपलेत उभे असताना टेस्टरचा उजेड फार मंद येतो. उन्हात तो दिसतही नाही. म्हणून एकट्या टेस्टरवर विसंबू नये. मेन बंद आणि फ्यूज खिशात, ही खरी खात्री. टेस्टर ही दुसरी साक्ष.

आठवी गोष्ट. स्क्रू ढिले करून दोन्ही तारा सोडवाव्या. आता तारा नीट पाहाव्या. हेच सर्वांत महत्त्वाचे पाहणे. आवरण मऊ आहे का? टोकाचे तांबे चकचकीत आहे का? टोक काळे पडले असेल आणि तार पुरेशी लांब असेल, तर काळा भाग कापून नवे टोक सोलावे.

नववी गोष्ट. तारेचे आवरण साधारण १ सेंटिमीटर सोलावे. आतले बारीक तंतू पिळून एक करावे. तार नव्या होल्डराच्या स्क्रूखाली किंवा भोकात घालून घट्ट आवळावी. मग तार हलकेच ओढून पाहावी. ती निसटता कामा नये. एकही तंतू बाहेर डोकावता कामा नये. उघडे तांबे दिसता कामा नये. लोंबत्या होल्डरात तारेला पकड असते, ती बसवावी. म्हणजे होल्डराचा भार स्क्रूवर येत नाही.

दोन पिनांच्या होल्डरात कोणतीही तार कोणत्याही पिनेला चालते. पण आट्यांचा, म्हणजे बल्ब फिरवून बसवायचा होल्डर असेल, तर फेजची तार मधल्या बुंध्याला आणि न्यूट्रलची आट्यांच्या कड्याला लागली पाहिजे. फेज कोणती हे ठाऊक नसेल, तर दोन पिनांचाच होल्डर घ्यावा.

दहावी गोष्ट. टोपी लावावी, होल्डर ठोकळ्यावर आवळावा, बल्ब बसवावा. सर्व बटणे बंद करावी. फ्यूज परत बसवावे. मग मेन चालू करावा आणि शेवटी त्या दिव्याचे बटण. पाव तास दिव्यावर नजर ठेवावी. मिचमिच नाही, आवाज नाही, वास नाही, म्हणजे काम झाले.

८. कुठे थांबावे

पुढीलपैकी एकही गोष्ट दिसली, तर होल्डर बसवू नका. मेन बंदच ठेवा आणि वायरमनला बोलवा.

तार वाकवताच आवरण तडकले.
तार कापल्यावर आखूड पडली.
तार अॅल्युमिनियमची निघाली.
ठोकळा किंवा पट्टी ओली आहे, जळलेली आहे, किंवा वाळवीने खाल्ली आहे.
मेन बंद असून टेस्टर लागला.
नवा होल्डर बसवल्यावर फ्यूज उडाला.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल, तर जाड तार घालू नका. फ्यूज म्हणजे घरातला राखणदार. तो ओरडतो म्हणून त्याचे तोंड बांधले, तर चोराचे फावते.

तसेच दिव्याच्या होल्डरातून इस्त्री, पंखा किंवा हीटर चालवू नये. ती तार एका दिव्यापुरतीच असते.

थांबण्यात कमीपणा नाही. नांगराचा फाळ आपण लावतो, पण फाळ घडवायला लोहाराकडेच जातो.

९. कोणाला वीज लागली तर

त्या माणसाला हात लावू नका. हात लावाल तर तुम्हीही चिकटाल. आधी मेन बंद करा. मेन दूर असेल, तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडी काठीने त्याला तारेपासून सोडवा. ओली काठी, हिरवा बांबू, लोखंड चालत नाही. आणि हे फक्त घरातल्या विजेपुरते. खांबावरची तार तुटून पडली असेल, तर काठी घेऊनही जवळ जाऊ नका. सर्वांना दूर ठेवा आणि १९१२ या क्रमांकावर कळवा.

मग १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवा. माणूस बेशुद्ध असेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर त्याला पाठीवर निजवा. छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोराने आणि भरभर दाबत राहा. मिनिटाला १०० ते १२० वेळा. मदत येईपर्यंत थांबू नका. माणूस उठून बसला तरी दवाखान्यात दाखवा. विजेची इजा आतून असते.

विजेने आग लागली, तर पाणी टाकू नका. मेन बंद करा, कोरडी वाळू किंवा माती टाका.

१०. आबाजींचा होल्डर

आबाजींच्या घरी दुसऱ्या दिवशी सकाळी काम निघाले. मेन बंद केला. फ्यूज आबाजींच्या खिशात गेले. होल्डर उघडला. तार हातात घेताच आवरण गळून पडले. आत काळे पडलेले तांबे. आबाजींनी स्वतःच म्हटले, "थांबा जी. हे आपलं काम नोहे."

चार दिवस वर्ग अंगणात भरला. मग ठेकेदाराचे माणूस आले. मधल्या खोलीची तार नवी झाली. बटण न्यूट्रलमधून काढून फेजमध्ये आले. मेनजवळ आरसीसीबी बसले. खर्च झाला. सूनबाई म्हणाल्या, "एवढं तं एका दवाखान्यातच गेलं असतं."

नव्या होल्डरात पहिला बल्ब आबाजींनीच बसवला. आधी मेन बंद करून.

मग त्यांनी एक पुठ्ठा मागितला. खडूने नाही, शाईने लिहायचे म्हणाले. चष्मा लावला आणि एकेक अक्षर जुळवत लिहिले. कोणता फ्यूज स्वयंपाकघराचा, कोणता मधल्या खोलीचा, ते लिहिले. खाली मोठ्या अक्षरांत लिहिले: "बटण बंद म्हणजे वीज बंद नाही. आधी मेन." तो पुठ्ठा आज मेन स्विचशेजारी टांगलेला आहे. शेजारचे लोक तो येऊन वाचतात.

तुमच्या घरीही असा पुठ्ठा लिहा. लिहिता आता तुम्हालाही येते.

लक्षात ठेवा

१. बटणावर भरवसा नको. मेन बंद, फ्यूज खिशात.
२. इन्व्हर्टर आणि शेजारची तार विसरू नका.
३. टेस्टर आधी तपासा, मग वापरा.
४. होल्डर आपला, तार वायरमनची.
५. तार तडकली की काम थांबवा.
६. फ्यूज घर वाचवतो, आरसीसीबी माणूस वाचवते.

शब्द आणि अर्थ

फेज: जिच्यातून वीज येते ती तार.
न्यूट्रल: जिच्यातून वीज परत जाते ती तार.
अर्थिंग: गळलेली वीज जमिनीत नेणारी तार.
मेन: साऱ्या घराची वीज बंद करणारा स्विच.
आवरण: तारेवरचे रबराचे किंवा प्लास्टिकचे वेष्टन.

प्रश्न

१. आबाजींच्या घरी बटण बंद असूनही टेस्टर का लागला? बांधीचा दाखला देऊन सांगा.
२. लाईट गेली असताना होल्डर बदलणे धोक्याचे का?
३. ५ अँपिअरचा फ्यूज माणसाला का वाचवू शकत नाही?
४. तुमच्या घरचा मेन स्विच कुठे आहे? तो घरातल्या प्रत्येकाला बंद करता येतो का? आज रात्री सर्वांना दाखवा.
५. तुमच्या मेनजवळ लावण्यासाठी पुठ्ठ्यावर दोन ओळी लिहा.